बाई, आपल्याकडे असं झालं तर?

पत्र थोडक्यात: सहावी-सातवीला भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंचं पत्र आहे. नैसर्गिक आपत्तींचा पाठ दरवर्षी दोन तासिकांत उरकला जायचा. यंदा त्यांनी तो मनावर घेतला. भूकंपाचे, त्सुनामीचे खरे व्हिडिओ वर्गात लावले. एरवी गोंगाट करणारा वर्ग चिडीचूप बसला आणि बाईंना वाटलं, आज धडा पोचला. चौथ्या दिवशी एका मुलाच्या आईचा फोन आला. मुलगा रात्री दिवा मालवू देत नाही, पंखा कुरकुरला तरी उठून बसतो, ‘आपल्याकडे असं झालं तर तू कुठे असशील?’ हे एकच आईला विचारत राहतो. ‘मुलांना घाबरवून घ्यायला शाळेत पाठवत नाही,’ असं त्या बोलल्या. मुख्याध्यापक म्हणाले, वर्षातून एकदा मॉक ड्रिल होतं तेवढं पुरे, तुम्ही अभ्यासक्रमापुरतं शिकवा. त्या मॉक ड्रिलचं वर्णनही बाईंनी केलंय: घंटा होते, मुलं खिदळत, ढकलाढकली करत मैदानात येतात, फोटो निघतो, सगळे परत वर्गात. ‘एक मुलगी कुबड्या घेऊन चालते, तिला त्या वेळी वर्गातच बसवतो, म्हणजे रांग खोळंबत नाही,’ असं मध्येच एक वाक्य येऊन जातं. शेवटी त्या विचारतात: घाबरवलं तर मुलं झोपत नाहीत, नाही घाबरवलं तर हसतात. मी करू तरी काय?

प्रिय बाई,

आधी तो मुलगा. अभ्यासक्रम, मुख्याध्यापक, मॉक ड्रिल हे सगळं पुढच्या आठवड्यावर ढकललं तरी चालेल. त्याच्याशी मात्र उद्याच बोला. वर्गासमोर नको, मधल्या सुट्टीत, सहज बोलल्यासारखं. ‘घाबरू नकोस’ अशी सुरुवात करू नका. ‘त्या व्हिडिओतलं तुला सगळ्यात जास्त काय आठवतं?’ एवढं विचारा आणि गप्प राहा. मुलांच्या मनात जे रुतून बसतं ते बऱ्याचदा आपल्या कल्पनेतही नसतं. एखाद्याला लाट आठवतच नाही, लाटेपुढे पळणारा कुत्रा आठवतो. त्याहून लहान मुलांना तर तीच दृश्यं पाच वेळा दिसली की तसं पाच वेळा घडलं असंच वाटू शकतं. म्हणून मोठी आपत्ती आल्यावर घरात दिवसभर बातम्या लावून ठेवू नयेत, हेही पालकांना सांगण्यासारखं आहे.

तुमच्या या विद्यार्थ्याने मात्र आपली भीती स्वतःच नेमकी सांगितलीय. ‘तू कुठे असशील?’ त्याचा प्रश्न भूकंपाचा कमी आणि ताटातुटीचा जास्त आहे. भूकंप कधी येईल हे जगात कुणालाच सांगता येत नाही, पण ताटातूट झाली तर काय करायचं हे आजच ठरवता येतं. त्याच्या आईला परत फोन करा आणि हेच सांगा. संध्याकाळी दहा मिनिटं बसून घरच्यांनी तीन गोष्टी ठरवायच्या: घराजवळ भेटण्याची एक जागा, घराकडे जाताच आलं नाही तर दुसरी जागा, आणि दुसऱ्या गावातला एक नातेवाईक, ज्याला प्रत्येकाने ‘मी ठीक आहे’ एवढं कळवायचं. आपत्तीत त्याच भागातले फोन एकमेकांना लागेनासे होतात. अशा वेळी छोटा मेसेज जाण्याची शक्यता जास्त असते. त्या नातेवाइकाचा नंबर मुलाला तोंडपाठ हवा. आजकालच्या मुलांना पाढे येतात, आईचा फोन नंबर येत नाही, कारण तो मोबाईललाच पाठ असतो!

आणि ‘आपल्याकडे असं काही होणार नाही’ हे वाक्य मात्र कुणीही त्याच्याशी बोलू नये, ना तुम्ही ना आई. ते खरं असेलच असं नाही, आणि सहावीतल्या मुलाला ते कळतं. मोठी माणसं धीर देण्यासाठी थाप मारतायत हे लक्षात आलं की त्याची काळजी दुप्पट होते. त्यापेक्षा असं बोला: ‘भूकंप कधी होईल ते मला माहीत नाही. झाला, तर पहिल्या मिनिटात काय करायचं ते माहीत आहे. तू रात्री कुठे झोपतोस? तुझ्या डोक्यावर भिंतीला काही जड टांगलंय का? असेल तर आज बाबांकडून काढून घे. पलंगाशी चपला आणि टॉर्च ठेव. हादरे जाणवले तर पलंगावरच पालथा हो, उशी डोक्यावर घे, थांबेपर्यंत तसाच राहा.’ हाताला काम मिळालं की मनाला जरा उसंत मिळते. एवढं करूनही तीन-चार आठवडे झोप येत नसेल, शाळेत यायला तो टाळत असेल, वरचेवर पोट दुखत असेल, तर समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्या. त्यात कुणाचीच हार नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही माझ्यापुढे दोन रस्ते ठेवलेत: घाबरवणं आणि न घाबरवणं. वर्ग चिडीचूप बसला तेव्हा धडा पोचला असं तुम्हाला वाटलं. मला तिथेच शंका आहे. त्या दिवशी वर्ग काय शिकला? इमारती पडतात, पाणी गावात शिरतं, माणसं वाहून जातात. सगळं खरं. पण त्यातल्या एकाही दृश्यात सहावीतल्या मुलाने करण्यासारखं काही होतं का? ज्याला फक्त धोका दिसतो आणि स्वतःचे हात कुठे लागतात ते दिसत नाही, तो एक तर गोठतो नाहीतर हसून मोकळा होतो. तुमचा न झोपणारा मुलगा आणि मैदानात खिदळणारी पोरं मला सारखीच वाटतात. दोघांनाही ‘मी काय करायचं’ याचा पत्ता नाही.

व्हिडिओ दाखवणं चूक नव्हतं, हे मुद्दाम सांगते, कारण त्या फोननंतर तुम्ही व्हिडिओ कायमचे बंद कराल अशी भीती वाटते. 26 डिसेंबर 2004 ला टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्लिश मुलगी आईवडिलांबरोबर थायलंडमधल्या फुकेत बेटावरच्या किनाऱ्यावर होती. पाण्याला विचित्र फेस येतोय, पाणी वागायला हवं तसं वागत नाहीये, हे तिच्या लक्षात आलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तिच्या सरांनी हवाई बेटांवरच्या 1946 च्या त्सुनामीची फिल्म दाखवली होती. ती ओरडायला लागली. आईचा आधी विश्वास बसेना. वडिलांनी सुरक्षारक्षकाला सांगितलं आणि किनारा रिकामा झाला. सुमारे शंभर माणसं वाचली. म्हणजे फिल्म तिनेही पाहिलीच होती. पण तिच्या लक्षात राहिलं ते लाट येण्याआधीचं पाणी. तुम्ही दाखवलेल्या व्हिडिओत तो आधीचा भाग होता का? बहुतेक व्हिडिओ सुरूच लाट आल्यावर होतात, कारण बघणाऱ्याला तीच हवी असते. शिक्षकाने मात्र आधीच्या दोन मिनिटांपाशी थांबायचं, ‘इथे तुम्हाला काय वेगळं दिसतंय?’ विचारायचं, आणि पुढचा विध्वंस वगळायचा. प्रेतं, आक्रोश, ढिगाऱ्याखालची माणसं यातलं काहीही शाळेत दाखवण्याची गरज नसते.

(समुद्र आधी मागे हटतोच असं नाही, हेही त्याच तासाला सांगून टाका. किनाऱ्यावर असताना जोराचे किंवा बराच वेळ चालणारे हादरे जाणवले तर पाण्याकडे बघत बसायचं नाही, उंचावर जायचं. आणि पहिली लाट ओसरली म्हणून खाली यायचं नाही. नंतरची लाट मोठी असू शकते, आणि हा प्रकार कित्येक तास चालतो.)

तर धडा कसा घ्यावा? सगळ्या आपत्तींची यादी फळ्यावर लिहू नका. तुमच्या भागात ज्या दोन-तीन खरोखर संभवतात त्याच घ्या. डोंगराखालच्या शाळेने दरडीवर आठवडा घालवावा, वणवा एका वाक्यात संपवला तरी हरकत नाही. आणि प्रत्येक माहितीला एक कृती बांधा. हे कसं जमतं ते दोन-तीन ठिकाणी दाखवते.

पुराचं घ्या. भिंतीवर खडूने तीन रेघा ओढा: जमिनीपासून 15, 30 आणि 60 सेंटीमीटरवर. मुलांना भिंतीला टेकून उभं करा. पहिली रेघ घोट्याच्या जरा वर येते. एवढं पाणी जोरात वाहत असेल तर मोठ्या माणसालाही पाडू शकतं. दुसऱ्या रेघेएवढं पाणी छोटी मोटार वाहून नेऊ शकतं, तिसऱ्या रेघेएवढं बहुतेक सगळ्या गाड्या. आता विचारा, ‘रिक्षावाले काका म्हणाले, काही नाही रे, जाईल गाडी, तर?’ वर्गात एकदम गलका होईल, आणि तो होऊ द्या. कारण त्या रेघा घरी सांगितल्या जातात. वडिलांनी पुलावरून गाडी घालायची ठरवली तर मागच्या सीटवरून ‘बाबा, नको’ म्हणणारं कुणीतरी असतं.

वीज तर गणिताच्या तासालाही शिकवता येते. चमकलेलं दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण 3 सेकंद लागतात, म्हणजे 30 सेकंद मोजून झाले तर वीज सुमारे 10 किलोमीटरवर. तेवढे किंवा त्याहून कमी भरले की मैदान सोडून पक्क्या इमारतीत शिरायचं. झाडाखाली नाही, उघड्या शेडखालीही नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. खेळाच्या सरांना हे तुमच्या मुलांनीच सांगू दे, बघा कसं होतं ते.

चक्रीवादळात पोरांना सगळ्यात आवडतो तो त्याचा डोळा. वादळाचा मध्य डोक्यावर आला की वारा एकदम पडतो. वादळ गेलं असं समजून लोक घराबाहेर येतात, पत्रे गोळा करायला लागतात, आणि मग उलट्या दिशेने तितकाच जोराचा वारा सुटतो. हे एकदा कळलं की ‘अधिकृत सूचना मिळेपर्यंत बाहेर पडू नका’ ही रटाळ सूचनाही मुलांना पटते. एरवी आपण सूचना देतो आणि कारण गाळतो.

भूकंपासाठी मुलांना बाकाखाली शिरायला सांगा. पण खरंच शिरायला सांगा, पाठ करायला नको. तुमच्या वर्गातले बाक कसे आहेत? कित्येक बाकांना खाली दप्तराचा कप्पा आणि पाय ठेवायची पट्टी असते. दोन मुलं एका वेळी खाली मावतच नाहीत. हे मॉक ड्रिलच्या दिवशी कधीच कळत नाही. मावत नसतील तर कुठे जायचं ते तिथल्या तिथे ठरवा: आतल्या भिंतीशी, खिडकी आणि कपाटापासून दूर, गुडघ्यावर वाकून, दोन्ही हात मानेवर. मावत असतील तर बाकाचा पाय धरायला शिकवा, कारण हादऱ्यात बाक सरकतो आणि मूल उघडं पडतं. दाराच्या चौकटीत उभं राहण्याचा जुना सल्ला आता देत नाहीत. आणि हादरे चालू असताना धावायचं नाही, जिन्याकडे तर मुळीच नाही.

आता ते खिदळणं. बाई, मुलं हसतात कारण तुमचं मॉक ड्रिल खरोखरच हसण्यासारखं आहे. घंटा होते, सगळे बाहेर पळतात. ही आगीची तालीम झाली. भूकंपाची घंटा कोण वाजवणार? भूकंपात आधी जागच्या जागी डोकं वाचवायचं असतं, आणि हादरे थांबल्यावर बाहेर पडायचं असतं. पुरात आणि वादळात तर मैदानात जमणं हाच वेडेपणा. एकाच घंटेत सगळ्या आपत्ती कोंबल्यावर मुलांनी ते गांभीर्याने घ्यावं अशी अपेक्षा तरी कशी करायची!

वर्षातून एकदाची मोठी कवायत असू दे, मुख्याध्यापकांना ती हवी आहे. तुम्ही तुमच्या वर्गात महिन्यातून पाच मिनिटं मागा. एकदा बाकाखाली. एकदा ‘जिना बंद आहे’ असं सांगून: मी दारात उभी आहे, हा जिना कोसळलाय, आता? एकदा मधल्या सुट्टीत, मुलं व्हरांड्यात आणि नळापाशी पांगलेली असताना. एकदा ‘बाईंना लागलंय, बाई बोलू शकत नाहीत’ म्हणून खुर्चीत गप्प बसा आणि वर्ग काय करतो ते पाहा. पहिल्या वेळी ते तुमच्याकडे बघत राहतील. तिसऱ्या वेळी कुणीतरी हजेरीपट उचलेल. मात्र प्रत्येक वेळी आधी सांगा की ही तालीम आहे. काही ठिकाणी खरं वाटावं म्हणून न सांगता सायरन वाजवतात, मुलांना लाल रंग फासून जखमी म्हणून झोपवतात. मला हा प्रकार अजिबात पसंत नाही. त्यात मुलं घाबरायला शिकतात, आणि तेवढं तर त्यांना आधीच येत होतं.

तुमच्या पत्रात न विचारलेला एक प्रश्न आहे, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात अवघड तोच आहे. मुलांना आपण सूचना पाळायला शिकवायचं की स्वतःचं डोकं वापरायला?

11 मार्च 2011 ला जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर त्सुनामी आली. कामाइशी शहराच्या उनोसुमाई भागात एक माध्यमिक आणि एक प्राथमिक शाळा जवळजवळ होत्या. धोक्याच्या नकाशात दोन्ही पाण्याच्या पट्ट्याबाहेर दाखवलेल्या. हादऱ्यांनंतर माध्यमिकची मुलं उंच जागेकडे पळत सुटली. प्राथमिकची मुलं आधी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. मोठ्यांना पळताना पाहून तीही त्यांच्यामागे निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथला कडा ढासळलेला दिसला, म्हणून आणखी वर, आणि तिथूनही आणखी वर. दोन्ही शाळा आणि ती आधी ठरलेली जागा, सगळीकडे नंतर पाणी शिरलं. शहरात सुमारे हजार माणसं दगावली. शाळांच्या देखरेखीत असलेली जवळपास 3,000 मुलं वाचली. तोशिताका कातादा नावाचे प्राध्यापक आधीची काही वर्षं तिथल्या शाळांमध्ये तीन गोष्टी शिकवत होते: अंदाजांवर आणि नकाशावर विसंबू नका, त्या घडीला जमेल तेवढं सगळं करा, आणि दुसऱ्यांची वाट न पाहता तुम्ही पहिले निघा. तिसरी गोष्ट ऐकायला स्वार्थी वाटते. पण प्राथमिकची मुलं कशामुळे हलली ते पाहा. कुणीतरी पहिलं पळत सुटल्याशिवाय बाकीचे हलत नाहीत.

त्याच दिवशी इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मुलं मैदानावर जमली आणि सुमारे 50 मिनिटं तिथेच थांबली. कुठे जायचं यावर मोठ्यांचं एकमत होईना. टेकडी शाळेच्या मागेच होती. 74 मुलं आणि 10 शिक्षक दगावले. शाळेच्या आपत्ती पुस्तिकेत त्सुनामीच्या वेळी जायची जागा म्हणून ‘जवळची मोकळी जागा, बाग’ अशा धर्तीवर काहीतरी लिहिलेलं होतं. ती नेमकी कोणती हे कुणी ठरवलं नव्हतं. पालक न्यायालयात गेले. 2018 मध्ये सेंदाईच्या उच्च न्यायालयाने दोष धरला तो आधीच्या अपुऱ्या तयारीला, आणि 2019 मध्ये तो निकाल कायम झाला. त्या शिक्षकांनी मुलांना सोडून पळ काढला नव्हता, त्यांच्यातले बहुतेक मुलांबरोबरच दगावले. म्हणूनच मला ही गोष्ट जास्त लागते.

यावरून ‘बाईंचं ऐकू नका’ असं शिकवा म्हणणार नाही. पन्नास मुलं पन्नास दिशांना पळाली तर तोही अनर्थच. मी तीन गोष्टींपुरती सूट देईन, आणि ती वर्गात स्पष्ट शब्दांत देईन. डोकं वाचवायला खाली वाकण्यासाठी परवानगी लागत नाही. पाण्यापासून दूर, उंचावर जायला परवानगी लागत नाही. आणि जे दिसतंय ते मोठ्याने सांगायला परवानगी लागत नाही, मग समोर बाई असोत की मुख्याध्यापक. बाकी सगळ्यात एकत्र राहायचं, बाई सांगतील तसं करायचं. यातल्या तिसऱ्या गोष्टीची अडचण मुलांची नाही, आपली आहे. टिलीच्या आईला जसं आधी पटलं नाही, तसं आपल्यालाही पटत नाही. तेव्हा वर्गात एखादा ‘बाई, तिकडे धूर दिसतोय’ म्हणाला तर आधी उठून बघा, आणि नसेल धूर तर ‘सांगितलंस ते बरं केलंस’ म्हणा. चार वेळा खोटा निघाला तरी. पाचव्या वेळी तो गप्प बसू नये, एवढ्यासाठीच.

जपानच्या त्याच किनाऱ्यावर एक जुनी शिकवण आहे: लाट आली की कुणाची वाट पाहू नका, आपापलं उंचावर पळा. ती अमलात येते फक्त एका अटीवर. घरात आधीच ठरलेलं असलं पाहिजे. आईला खात्री हवी की मूल निघून गेलं असणार, मुलाला खात्री हवी की आई निघून गेली असणार. नाहीतर आई मुलाला न्यायला धोक्याच्या दिशेने येते आणि मूल आईसाठी थांबून राहतं. तेव्हा पालकसभेत हे बोलायला हवं. आपत्तीत मूल शाळेत सुखरूप असेल तर न्यायला धावत यायचं की नाही? मुलाला कुणाच्या हाती सोपवायचं, कुणाच्या नाही? ती यादी शाळेत कागदावर आहे का? ज्या आईने तुम्हाला फोन केला, तिलाच या बैठकीची तयारी करायला सांगा. तिच्या मुलाचा प्रश्न नेमका हाच होता, आणि तक्रार करायला फोन उचलणारे पालक बहुतेक वेळा कामालाही सगळ्यात आधी येतात.

शाळा सुटल्यावरचंही बोला. नेपाळचा 25 एप्रिल 2015 चा भूकंप शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास झाला. शनिवारी तिथल्या शाळांना सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या पडल्या, मुलं त्यांत नव्हती. किल्लारीचा 1993 चा भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, सगळी घरात झोपलेली. तेव्हा ‘शाळेत असताना काय करशील’ एवढ्यावर थांबू नका. ‘घरी एकटा आहेस आणि धाकटी बहीण झोपलीय, काय करशील?’ हा प्रश्न गृहपाठाला द्या आणि मुलांची उत्तरं पालकांकडून वाचून, सही करून आणायला सांगा. ‘आईला फोन करून विचारीन’ असं बहुतेकांनी लिहिलेलं असेल. ते वाचल्यावर घरी जे बोलणं होईल, तेच आपल्याला हवंय.

आता कुबड्या घेऊन चालणारी ती मुलगी. तुम्ही तिच्याबद्दल एकच वाक्य लिहिलंत, आणि ते वाईट हेतूने लिहिलेलं नाही हे कळतं. पण सराव हा जे करतो त्याचाच होतो. दरवर्षी तिला वर्गात बसवून शाळेने तिला मागे ठेवण्याचा सराव केलाय, आणि तो चाळीस मुलांनी पाहिलाय. तिनेही. पुढच्या वेळी आधी तिलाच विचारा, ‘तुला कसं बाहेर पडायला आवडेल? जिन्यावर कुणाचा हात धरशील, की उचललेलं चालेल?’ तिच्याबरोबर राहायची जबाबदारी एका मोठ्या माणसाची, नावानिशी. शिवाय दोन मैत्रिणी. ते मोठं माणूस रजेवर असेल तर दुसरं कोण, तेही ठरलेलं. तिचा वर्ग वरच्या मजल्यावर असेल तर तो खाली आणा. यासाठी कुठल्याही समितीची बैठक लागत नाही. आणि मॉक ड्रिलची वेळ पहिली रांग मैदानात पोचल्यावर मोजू नका, शेवटचं मूल पोचल्यावर मोजा. शाळेत कमी ऐकू येणारी मुलं असतील तर घंटेबरोबर हाताची खूण किंवा दिव्याची उघडझाप हवी. मोठ्या आवाजाने बिथरणारं मूल असेल तर त्याला सायरन आधी एकट्याला, कमी आवाजात ऐकवा.

राहता राहिले मुख्याध्यापक. त्यांना अडवणारे समजू नका; पालकांचे फोन त्यांनाच झेलावे लागतात. ‘मला आपत्ती सविस्तर शिकवायची आहे’ असं म्हणत गेलात तर ते अभ्यासक्रम पुढे करतील. लेखी, छोटं आणि फुकटात होणारं मागा. त्यांना चीनमधल्या सांगझाओ माध्यमिक शाळेचं सांगा. तिथले मुख्याध्यापक ये झिपिंग कित्येक वर्षं मिळेल त्या पैशातून शाळेची कच्ची इमारत मजबूत करून घेत होते आणि 2005 पासून दर सत्रात मुलांची तालीम घेत होते. कुठल्या वर्गाने कुठल्या जिन्याने उतरायचं, इथपर्यंत ठरलेलं. 12 मे 2008 ला सिचुआनचा भूकंप झाला तेव्हा 2,200 हून अधिक मुलं आणि सगळे शिक्षक 1 मिनिट 36 सेकंदांत मैदानात होते. कुणीही दगावलं नाही. त्याच भूकंपात कितीतरी शाळा मुलांसकट कोसळल्या. बाकाखाली शिरण्याचा उपयोग छत जागेवर राहिलं तर होतो, आणि छत ही मुलांची जबाबदारी नव्हे. ते काम मोठ्यांचं, आणि बहुधा तुमच्या एकटीच्या आवाक्यातलंही नाही. पण भिंतीला न ठोकलेली कपाटं, दारामागे रचलेले तुटके बाक, जिन्याखाली कोंबलेलं सामान हे तुम्ही आणि सातवीची मुलं एका तासात टिपून काढाल. मुलांच्या अक्षरातली ती यादी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा. मुलांनी लिहिलेला कागद फाईलखाली सारणं त्यांना जड जाईल, माझा अनुभव तरी तसा आहे.

त्या यादीत एक ओळ तुम्ही स्वतः घाला. मॉक ड्रिलच्या दिवशी मागचं फाटक उघडं असतं, कारण ते शिपायाने सकाळीच उघडून ठेवलेलं असतं. एरवी त्याला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे असते, आणि तो माणूस जेवायला गेला असेल तर दुसरी किल्ली कुठे आहे, एवढं विचारून ठेवा.